जे आले नाहीत, त्यांची यादी

समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी अर्ज केला, तेव्हा मी एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते. बीएस्सी नर्सिंगची पदवी होती, व्हेंटिलेटर आणि मॉनिटर यांच्या सान्निध्यात हात तयार झालेला होता, आणि माझ्याबरोबरच्या बहुतेक मुली परदेशी नोकरीच्या नाहीतर मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या परीक्षांची तयारी करत होत्या. त्यामुळे मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील उपकेंद्रावर जाण्याचा माझा विचार ऐकून सगळ्यांना प्रश्न पडला की, एवढे शिकून ही गावातली नर्सबाई का होते आहे. मला स्वतःला पडलेला प्रश्न वेगळा होता. आमच्या विभागात अर्धांगाचा झटका आलेले, मूत्रपिंडे निकामी झालेले, पायाला गँगरीन झालेले रुग्ण येत, आणि नातेवाइकांना पूर्वेतिहास विचारला की रक्तदाब किंवा साखर बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा कुठेतरी सापडलेली असे, थोडे दिवस गोळ्या घेतलेल्या असत आणि पुढे त्या बंद झालेल्या असत. त्या बंद झालेल्या गोळ्यांची चौकशी मधल्या काळात कोणी केली होती का, याचे उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी असे. ही चौकशी करणे हेच ज्याचे काम आहे असे पद निघाले आहे, एवढे कळल्यावर मी अर्ज भरला.

या पदाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक नसली की पुढच्या अनेक अडचणींचा उलगडा होत नाही. ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत मैदानी भागात साधारण ५,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, आणि त्यावरचे प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकांसाठी असते. अनेक दशके उपकेंद्राचा अर्थ लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर, फेब्रुवारी २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, देशातील दीड लाख उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करण्याची घोषणा झाली. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, मानसिक आजार, वृद्धांची काळजी अशा सेवा मिळून सेवांचे एकूण १२ गट ठरले. २०२३ च्या अखेरीस या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. पाटी बदलली असली तरी आमच्या गावात अजूनही सगळे ‘दवाखाना’च म्हणतात. एवढ्या सेवा एकट्या आरोग्य सेविकेकडून होणे शक्य नव्हते, म्हणून डॉक्टर आणि आरोग्य सेविका यांच्यामध्ये समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. महाराष्ट्रात आयुर्वेद, युनानी आणि बीएस्सी नर्सिंगच्या पदवीधरांना या पदासाठी पात्र धरले गेले.

लेखी परीक्षा झाली, गुणवत्ता यादी लागली, बंधपत्र लिहून दिले आणि सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला सुरुवात झाली. अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा होता आणि प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयात. पुढे हाच भाग नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमात समाविष्ट झाला, त्यामुळे आता नव्याने पदवी घेणाऱ्यांना तो वेगळा करावा लागत नाही. प्रसूतिकक्ष, नवजात शिशू कक्ष, बाह्यरुग्ण विभाग येथील पाळ्या मला जड गेल्या नाहीत, आणि त्यांविषयी लिहिण्यासारखेही फार नाही. ज्या दिवसाने माझी नजर बदलली, तो दिवस एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला होता. तिथल्या एका ज्येष्ठ आरोग्य सहायिकेने आमच्यासमोर गरोदर मातांच्या नोंदींची वही ठेवली आणि विचारले, “यात काय दिसते?” आम्ही नोंदणी किती, तपासण्या किती, लोहाच्या गोळ्या किती जणींना दिल्या, असे आकडे काढून दाखवले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “या आलेल्या बायका झाल्या. त्या तशाही आल्याच असत्या. आता न आलेल्यांची यादी करून आणा, आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती का आली नाही ते लिहा. अंदाजाने लिहायचे नाही, घरी जाऊन विचारून लिहायचे.” ती यादी करायला आशाताईंबरोबर, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकांबरोबर, घरोघर हिंडावे लागले. कोणी बाळंतपणाला माहेरी गेली होती, कोणाला आठवडी बाजाराच्या दिवशीच तपासणी ठेवल्यामुळे जमत नव्हते, कोणाची सासू म्हणत होती की पहिल्या दोन खेपेला काही झाले नाही तर आता कशाला. एका बाईचे नाव वहीत दोनदा होते आणि तपासणी एकदाही झालेली नव्हती. अतिदक्षता विभागात रुग्ण कायम नजरेसमोर खाटेवर असतो. इथे ज्याच्यासाठी काम करायचे तो बहुतेक वेळा नजरेआड असतो. माझ्या मते प्राथमिक आरोग्यसेवेतील कौशल्य म्हणतात ते बरेचसे या एका गोष्टीत सामावलेले आहे, आणि कोणत्याही परीक्षेत ते तपासले जात नाही.

नेमणूक समुपदेशनाने मिळाली. माझ्या उपकेंद्राखाली चार गावे, काही वाड्या आणि एक तांडा येतो. सुरुवातीचे महिने ओळख पटवण्यात गेले. लोक दारात येऊन विचारत, “डॉक्टर कधी येणार?” मी तपासायला बसले आहे असे सांगितले की, “तुम्ही सिस्टर ना?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी शांतपणे रक्तदाब मोजायला घेत असे, गोळी कोणती आणि कशासाठी ते सांगत असे, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला नावाने हाक मारत असे. म्हाताऱ्या माणसांची नावे आणि त्यांच्या गोळ्या लक्षात राहिल्या की पदनामाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. आज मला कोणी मॅडम म्हणते, कोणी ताई, तांड्यावरच्या आजीबाई तर नुसतेच ‘बाय’ म्हणतात.

उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेशी असलेले नाते मात्र याहून नाजूक होते, आणि नव्याने येणाऱ्यांनी त्याचा विचार आधीच करून ठेवावा, असे मला वाटते. आमच्या सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या. या गावांतली निम्मी मुले त्यांच्या हातून जन्मलेली किंवा लस टोचून घेतलेली. अशा बाईच्या खोलीत एक दिवस नवी मुलगी येते, तिच्या पदात ‘अधिकारी’ हा शब्द असतो आणि उपकेंद्राची प्रमुख म्हणून कागदावर तिचे नाव लागते. त्या कायम सेवेत, मी कंत्राटी. अनुभव त्यांचा, आणि सही माझी. मी पहिल्यापासून एक पथ्य पाळले: लसीकरणाच्या सत्रात त्या सांगतील तसे वागायचे. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी विरघळवल्यावर चार तासांत संपवायची नाहीतर टाकून द्यायची, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण कोणत्या वाडीवर किती मुले येतील आणि म्हणून कुपी केव्हा फोडायची, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला घरे दाखवली, मी त्यांना टॅबलेटवरच्या नोंदी करायला मदत केली, आणि हळूहळू कामाची वाटणी कोणी न सांगता पडत गेली.

आमच्या अधिकाराच्या मर्यादांविषयी गावात दोन्ही टोकांचे गैरसमज असतात. उपकेंद्राच्या औषधांच्या यादीत १०५ औषधे आहेत आणि १४ तपासण्या तिथल्या तिथे करता येणे अपेक्षित आहे. साधा ताप, जुलाब, खरूज, किरकोळ जखमा यांवर मी ठरलेल्या उपचारपद्धतीनुसार औषध देऊ शकते. रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध मात्र मी स्वतः सुरू करत नाही. निदान आणि उपचाराची आखणी वैद्यकीय अधिकारी करतात, आणि दर महिन्याच्या गोळ्या रुग्णाला उपकेंद्रात मिळतात. मधल्या काळात ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य संपर्क करता येतो. आमच्याकडे नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे मी त्यासाठी सकाळची वेळ ठरवून टाकली आहे. पडद्यावर डॉक्टर दिसले की वृद्ध माणसे आधी नमस्कार करतात आणि मग माझ्याकडे वळून, “यांना माझा गुडघा कसा दिसणार?” असे विचारतात. प्रश्न रास्त असतो. गुडघा मी दाबून पाहते, सूज आहे की नाही, पाय किती वाकतो ते सांगते, आणि डॉक्टर त्यावरून ठरवतात.

सर्वांत जास्त शक्ती खर्च होते ती सुई आणि सलाईन यांच्या मागणीवर. अंग मोडून आलेल्या शेतमजुराला एक दिवसही घरी बसणे परवडत नाही, आणि सलाईनने ‘ताकद’ येते ही समजूत इतकी पक्की आहे की गोळी देणारी बाई त्याला काहीच न देणारी वाटते. सुरुवातीला काही माणसे माझ्याकडून उठून सरळ रस्त्यावरच्या खासगी दवाखान्यात गेली. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण त्यांनी सलाईनसाठी मोजलेले पैसे ही त्यांच्या दृष्टीने बुडणाऱ्या मजुरीची तरतूद असते, हे समजून घेतले की बोलण्याची भाषा बदलते. जुलाब झालेल्या लेकराच्या आईला मी क्षारसंजीवनीचे (ओआरएसचे) पाणी उपकेंद्रातच करायला लावते, वाटी-चमच्याने पाजायला लावते आणि लेकरू तरतरीत होईपर्यंत बसवून ठेवते. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, आणि जुलाब तिसऱ्या दिवशीच थांबतात, तेव्हा उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहणार हे ठरलेले; म्हणून पहिल्या आठवड्यानंतर आशाताई एक चक्कर टाकतात.

आशाताईंविषयी इथेच लिहायला हवे. आमच्या डोंगररांगेपासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. आज आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, वजन करतात, ताप पाहतात, बाळ नीट ओढते का ते विचारतात, त्यामागे हे काम आहे. माझ्या कामाचे डोळे आणि पाय आशाताईच आहेत. नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. कोणत्या घरात सासू-सून बोलत नाहीत, कोणाचा नवरा दारू पिऊन औषधे फेकून देतो, कोणत्या मुलीचे लग्न वयाआधी ठरते आहे, हे त्यांना माहीत असते आणि त्यांनी ते मला सांगावे की नाही हा पूर्णपणे त्यांच्या विश्वासाचा प्रश्न असतो.

आता त्या यादीकडे येते. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची तपासणी करायची, हे असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाचे पहिले काम. ५,००० लोकसंख्येत अशी माणसे सुमारे १,८५० धरली जातात. आशाताई घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार यांना गुण देतात, आणि चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना प्राधान्याने तपासणीला बोलावले जाते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, किंवा बोटातून घेतलेल्या रक्तातली साखर १४० च्या पुढे गेली, की पुढच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे. अहवालात याची नोंद ‘तपासणी’ आणि ‘संदर्भित’ अशा दोन रकान्यांत होते आणि आकडे छान वाढत जातात. पण संदर्भ चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस तिथे पोहोचला का, पोहोचला तर गोळ्या सुरू झाल्या का, सुरू झाल्या तर तिसऱ्या महिन्यात चालू आहेत का, हे पाहिले नाही तर त्या आकड्यांतून एकाही माणसाचा झटका टळत नाही.

सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत राज्यात प्रथम राबवल्या गेलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची माहिती मला एका प्रशिक्षणात मिळाली, आणि त्यातली हिशेबाची रीत मनाला पटली. तिथे नोंदलेल्या रुग्णांचे तीन गट करतात: रक्तदाब आटोक्यात असलेले, आटोक्यात नसलेले आणि भेटीला न आलेले. न आलेला रुग्ण हिशेबातून वगळला जात नाही. तो छेदात राहतोच, आणि त्याच्यामुळे टक्केवारी खाली येते. मी माझ्या उपकेंद्रात प्रत्येक रुग्णाचे उपचारपत्र पुढच्या भेटीच्या महिन्यानुसार लावायला सुरुवात केली. महिना संपला की त्या कप्प्यात जी पत्रे उरतात, ती न आलेल्यांची. ती घेऊन आशाताईंबरोबर बसायचे, फोन करायचे, आणि फोन न उचलणाऱ्यांच्या घरी जायचे. न येण्याची कारणे सगळ्यांत जास्त शिकवणारी असतात. “आता बरे वाटते” हे पहिले कारण. रक्तदाबात दुखत-खुपत काहीच नसल्यामुळे गोळी बंद करणे हा तसा तर्कशुद्धच निर्णय वाटतो. दुसरे, गोळीची सवय लागते ही भीती. तिसरे, जे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते, ते म्हणजे लाज. मागच्या महिन्यात गोळ्या चुकल्या, आता गेलो तर मॅडम रागावतील, म्हणून माणूस येतच नाही. तेव्हापासून उपकेंद्रात कोणावरही आवाज चढवायचा नाही, हा नियम मी स्वतःसाठी आणि सगळ्यांसाठी केला आहे, चुकलेल्या गोळ्यांबद्दल आम्ही फक्त “किती उरल्या आहेत?” एवढेच विचारतो.

ही व्यवस्था जमून येते न येते तोच दिवाळी येते, आणि गाव रिकामे होते. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हिशेब त्या कोयत्याचा. पाडव्याच्या सुमारास माणसे परततात. या मधल्या महिन्यांत माझ्या कप्प्यातली पत्रे तशीच राहतात: रक्तदाबाचे रुग्ण, क्षयाच्या सहा महिन्यांच्या उपचारात अर्ध्यावर असलेले, साडेतीन महिन्यांच्या लसी राहिलेली बाळे, पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या गरोदर बायका. फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात, खाडा झाला तर मजुरी कापली जाते, त्यामुळे तिथल्या दवाखान्यात जाणे म्हणजे दुहेरी भुर्दंड. आमच्या पट्ट्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात पोहोचला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बाहेरच्या जगाला हा विषय नवा वाटला. उपकेंद्रात बसल्यावर त्याची वाट कशी तयार होते ते दिसते. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन बाई येते, फडावर ना आडोसा ना पाणी, डोक्यावर मोळ्या, ती विचारते, “पिशवी काढून टाकली तर कटकट मिटेल का?” या प्रश्नाला त्या दिवशी शांतपणे, वेळ देऊन उत्तर देणारे कोणी असेल, तिची तपासणी आणि साध्या संसर्गावर उपचार होत असतील, तर तिची वाट बदलू शकते. तसे कोणी नसेल तर उत्तर देणारे दुसरीकडे भेटतात.

म्हणून दसऱ्याच्या आधीपासून आम्ही ‘जाणाऱ्यांची यादी’ करतो. आशाताई मुकादमांकडून टोळ्यांची माहिती काढतात, कारण कोण कोणत्या कारखान्यावर जाणार हे सर्वांत आधी त्यांनाच ठाऊक असते. सरकारी यंत्रणेला मुकादमाची मदत घ्यावी लागते हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझा अनुभव असा की नीट समजावून सांगितले तर तो मदत करतो. टोळीतली गरोदर बाई फडावर अडली तर पहिली धावपळ त्यालाच करावी लागते. गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासतो. ७ च्या खाली असेल तर तिला प्रवासाला निघण्याआधी रुग्णालयात दाखल करण्यासाठी घरच्यांशी बसून बोलतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या, लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे सांगून सोबत गोळ्यांचा साठा देतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीने रक्तदाबाच्या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त दिवसांच्या गोळ्या देतो. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो, कारण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ते भिजते. क्षयरुग्णांची नोंद निक्षय प्रणालीत असल्यामुळे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो, मात्र त्यासाठी पलीकडच्या केंद्रातल्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे लागते. प्रणालीत वर्ग झालेला रुग्ण आणि खरोखर गोळ्या मिळालेला रुग्ण यांत बरेच अंतर असू शकते.

कोविडच्या काळाविषयी फार लिहीत नाही; ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतली घरोघरची फेरी आणि २०२१ चे लसीकरण याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. एवढेच सांगते की फडावरून अचानक परतलेल्या टोळ्यांची माहिती आमच्याकडे आधीपासून होती, याचा त्या वेळी उपयोग झाला, आणि ‘डॉक्टर कधी येणार’ हा प्रश्नही त्याच काळात जवळजवळ बंद झाला.

या वाटेवर येऊ इच्छिणारी मुले-मुली मला पगार आणि पुढची संधी यांविषयी विचारतात, आणि त्यांना स्पष्टच सांगितले पाहिजे. दरमहा २५,००० रुपये निश्चित मानधन आणि कामाच्या निर्देशकांवर आधारित १५,००० रुपयांपर्यंतचा मोबदला, अशी रचना माझ्या नेमणुकीच्या वेळी होती. निर्देशकांवरचा मोबदला ही दुधारी गोष्ट आहे. जे मोजले जाते ते होते, आणि जे मोजले जात नाही ते करायला स्वतःचा हट्ट लागतो. न आलेल्या रुग्णाच्या घरी गेल्याचा कोणताही रकाना अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. नोकरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी, कराराचे नूतनीकरण होत राहणारी. १० वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाविषयीचा १४ मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे, पण आमच्यासारख्या नंतर आलेल्यांना त्या दहा वर्षांपर्यंत वाट पाहावी लागेल. पदोन्नतीची शिडी स्पष्ट आखलेली नाही. माझ्याबरोबरचे काही जण अधिपरिचारिकेच्या भरतीतून किंवा एम्सच्या परिचारिका भरतीच्या नॉरसेट परीक्षेतून निघून गेले, आयुर्वेदाच्या काहींनी स्वतःचे दवाखाने टाकले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मी राहिले याचे कारण त्याग वगैरे काही नाही. सलग राहिल्याशिवाय या कामात हाताला काही लागत नाही. पहिले वर्ष ओळखीत जाते, दुसऱ्या वर्षी यादी भरवशाची होते, आणि त्यानंतर कुठे रुग्ण टिकतात. दर वर्षी माणूस बदलणाऱ्या उपकेंद्रात कप्पा तर असतो, पण त्यातली पत्रे कोणाची हे सांगणारे कोणी नसते.

ज्यांना यात खरोखर करिअर करायचे आहे, त्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे मी सुचवेन. पहिली म्हणजे जन आरोग्य समिती. सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात, आणि उपकेंद्राला वर्षाला मिळणारा ५०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी तिच्या संमतीने खर्च होतो. रक्कम लहान आहे, पण पाण्याची टाकी, तपासणीच्या खोलीला पडदा, बाहेर बसायला बाकडी, यावर गावासमोर चर्चा करून खर्च करायला शिकणे हे व्यवस्थापनाचे पहिले शिक्षण आहे. दुसरी म्हणजे आपल्याच नोंदी वाचण्याची सवय. अहवाल वर पाठवण्यासाठी भरला जातो आणि भरणाऱ्याने तो परत वाचायचा असतो हे कोणी सांगत नाही. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीसाठी मी आता तयारी करते आहे, आणि त्यात मला अभ्यासायचा विषय म्हणजे हंगामी स्थलांतर करणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांचे उपचार सलग कसे ठेवायचे हाच आहे.

त्याची सुरुवात मात्र पदवीची वाट न पाहता झाली आहे. प्रशिक्षणातल्या ओळखींतून, कारखाने असलेल्या तालुक्यांतल्या काही समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा आणि आमच्या भागातल्या आम्हा काही जणींचा मोबाइलवर एक गट तयार झाला आहे. टोळ्या निघाल्या की आम्ही गरोदर माता, क्षयरुग्ण आणि लस राहिलेली बाळे यांची माहिती ज्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला स्वतंत्रपणे कळवतो. गटावर नावे टाकत नाही. सगळीकडून उत्तर येते असे नाही. पण या हंगामात उलट दिशेनेही विचारणा येऊ लागली आहे. नुकतेच एका केंद्रातून विचारले गेले की आमच्या हद्दीत नव्या कोप्या पडल्या आहेत, त्यांत दोघी गरोदर आहेत आणि दोघींकडेही कार्ड नाही, तुमच्या यादीतल्या आहेत का. एक माझ्याच तांड्यावरची निघाली. तिचे हिमोग्लोबिन आणि तपासणीच्या तारखा मी लगेच कळवल्या. दुसरी शेजारच्या तालुक्यातली असावी, म्हणून तिची चौकशी तिथल्या ताईंकडे दिली आहे आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.